शेवटी येईल त्याने गाडी आणायची

सकाळी सव्वापाचला एकोडीच्या चौकात शेकोटीभोवती तीन शहाणे एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे होते. श्रावण, भुपेंद्र आणि निकेश. तिघेही पायी आलेले. गाडी एकानेही आणली नव्हती.

हे झालं कसं, ते ऐका. तिघेही राइस मिलमध्ये कामाला. मिल सहा किलोमीटरवर, हजेरी सातला. हिवाळ्यात त्या रस्त्यावर बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, पाण्यावरून असा वारा सुटतो, की मोटरसायकल चालवणाऱ्याला आपले कान जागेवर आहेत की नाही हे मिलमध्ये पोचून चाचपून बघावं लागतं. मागे बसणाऱ्यांची मात्र चैन. म्हणून एकाच गाडीवर तिघांनी जायचं ठरलं, पण चालवायची कोणी? पाळ्या लावल्या, तर ज्याची पाळी त्याचंच नेमकं पोट दुखायचं. या पोटदुख्यांपायी श्रावणला महिन्यात दोनदा उशीर झाला. तिसऱ्यांदा झाला तर कायम होणाऱ्यांच्या यादीतून नाव कापतो, असं सुपरवायझर धनंजयने तोंडावर सांगितलं होतं. सहा वर्षं घासल्यावर त्या यादीत आलेलं नाव ते. 

मग त्यानेच अक्कल लढवली. चौकात जो आधी येईल त्याने बाकीच्यांना मिस्ड कॉल द्यायचा. ज्याला घरी दोन मिस्ड कॉल येतील तो शेवटचा. त्याने आपली गाडी काढायची आणि चालवायची. नियम असा लागू पडला की विचारू नका! उन्हं येईपर्यंत लोळणारी माणसं आधी सहाला चौकात, मग पावणेसहाला, मग साडेपाचला. लग्नाच्या दिवशीही हा माणूस इतक्या लवकर उठला नव्हता, असं श्रावणची बायको केशरबाई सगळ्या आळीला सांगत सुटली.

आणि आज तिघेही एकाच वेळी पोचले. मिस्ड कॉल द्यायला घरी कोणी उरलंच नव्हतं.

"श्रावण, जाय, गाडी आन," भुपेंद्र म्हणाला. "नाव तुयं कटून राहिलं, आमचं नाही."

घर दहा मिनिटांवर होतं. पण आज श्रावण वळला असता, तर याच धमकीवर दोघांनी त्याला हिवाळाभर जुंपला असता. आधी कोण आलं, शेकोटीत भाताचं तणीस कोणी टाकलं, यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी श्रावणचं डोकं तापलं. मी पायीच जातो म्हणाला आणि खरंच निघाला. बोडीपाशी वळेल, असं दोघांना वाटलं. तो काही वळेना. आता जो मागे फिरेल त्याच्याच गळ्यात गाडी पडणार, म्हणून तेही शिव्या घालत त्याच्यामागे चालू लागले.

श्रावणला घड्याळाकडे बघायचा धीर नव्हता. तो नुसते पाय उचलत होता. बोडी मागे पडली तेव्हा त्याने मफलर सोडला. पुढच्या गावाशी स्वेटर काढून कमरेला बांधला. निकेश तर गाडीवरून कुडकुडत जाणाऱ्यांना हात करून हसू लागला.

सातला दहा कमी असताना तिघे घामाघूम होऊन फाटकात शिरले. मागोमाग धनंजय गाडीवरून आला. त्याची बोटं इतकी आखडली होती की पेनचं टोपण श्रावणने काढून दिलं. हजेरीच्या वहीत पहिली सही श्रावणचीच झाली.

दुसऱ्या दिवशी पाय आंबल्यामुळे श्रावणला उठायला उशीर झाला. उशाशी दोन मिस्ड कॉल. नियम त्याचाच, बोलणार कोणाला? कानटोपी चढवून बिचाऱ्याने मुकाट्याने गाडी काढली आणि चौकात आणली.

भुपेंद्र आणि निकेश बुटांच्या नाड्या आवळत होते. गाडी बघून दोघांचीही तोंडं वाकडी झाली.

"हे काहून आनली?" भुपेंद्र म्हणाला. "वापस ठेवून ये. येवढ्या थंडीत गाडीवर कोन बसन?"