खांद्यावरचा हात

मार्सेलने बायकोवर हात उचलला, तेव्हा त्याची बहीण बेला दारातच उभी होती. उद्या वसई कोर्टात सख्ख्या भावाविरुद्ध साक्ष द्यायची, या नुसत्या विचाराने तिची बोबडी वळत होती. पापडी गावच्या चर्चमधल्या प्रार्थनासभेत ती अगदी पुढच्या बाकावर डोळे मिटून बसली.

“पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवा,” फादर म्हणाले, “आणि त्याचं जे काही अडलं असेल, त्यासाठी देवाकडे बळ मागा.”

खांद्यावर एक ऊबदार हात आला. उद्या आपण सगळं खरं सांगू, असं तिला पहिल्यांदाच वाटलं. आमेन म्हणून, आभार मानायला ती वळली.



मागे मार्सेल होता. डोळे मिटून, अगदी मनापासून, तो अजून तिच्यासाठी बळ मागत होता.