फ्लोटातला आवाज

"पोरीच्या जातीनं कार्बोरेटरले हात लावाचा नाई!" आपल्या फटफटीचा उघडा कार्बोरेटर हिसकून घेत पवनीचे भैयाजी मिस्त्री ओरडले होते, तेव्हा शिकायला आलेली गुड्डी सोळा वर्षांची होती.

आज तेच भैयाजी आपली तीच जुनी फटफटी ढकलत तिच्या गॅरेजात आले. "सुई बदलली, वायसर बदलले. वीस वर्षं झाले, पेट्रोल गळूनच राहिलं, बाई."

गुड्डीनं कार्बोरेटर उघडला. आतला पोकळ पितळी फ्लोट काढून त्यांच्या कानाशी हलवला. आत पेट्रोल डुचमळलं.

"भोक पडलं याले. हा तरंगत नाई, सुई बंद होत नाई, म्हणून गळते."

भैयाजींची मान खाली गेली. "तुले कवा समजलं?"

"त्याच दिवशी. तुमी हातातून हिसकला, तवा हाच आवाज आयकून राहिली होती मी. सांगणारच होती. मंग म्हटलं, गळू दे."