चौघांचे आठ

क्रेनच्या केबिनमध्ये ती एकटीच होती. खालच्या चौघा फिटरांच्या डोक्यावर तुळई लटकत असताना तिच्या डोळ्यांपुढे ठिणग्या नाचू लागल्या. चौघांचे आठ झाले. दिवस राहावेत म्हणून गोळ्या सुरू केल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, “नजर अंधुक झाली तर गोळी बंद, यंत्राला हात लावायचा नाही.” पण कामावर हे सांगायचं कोणत्या तोंडानं? “सोड खाली!” वॉकीटॉकीवर मुकादम ओरडला. “माणसं हटवा, मुकादम. मला दिसत नाहीये.” “काय झालं?” सगळी साइट ऐकत होती. “मूल होण्यासाठी गोळ्या घेतेय.” मुकादमानं चौघांना हात करून मागे घेतलं. “माणसं हटली, पोरी. मी सांगतो तसं सोड.” तुळई टेकली. शिडी चाचपत ती खाली थांबलेल्या मुकादमापाशी उतरली आणि तिनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला. “लगेच ये, डोळे तपासू.” मुकादमाची बाही आपण घट्ट धरलीय, हे तिला कळलंच नव्हतं.