नेलपॉलिशचे ठिपके

दुरुस्त करून आणलेला बाबांचा ॲम्प्लिफायर हॉलमध्ये मांडून शलाकाने त्याला नवी गिटार जोडली. बाबांनी आपली गिटार आजारपणातच देऊन टाकली होती. ते गेल्यापासून तिचा पाय घरात ठरत नव्हता. त्यांच्या गिटारचा आवाज आपण विसरून जाऊ, ही एकच धास्ती.

ऑर्केस्ट्रात वाजवताना, बटण कुठवर फिरवायचं ते स्टेजवरच्या अंधुक उजेडात दिसावं म्हणून, बाबांनी प्रत्येक बटणापाशी आईच्या नेलपॉलिशचा ठिपका लावला होता. शलाकाने सगळी बटणं नेमकी ठिपक्यांवर आणून तार छेडली. खिडकीच्या काचा थरथरल्या. पुन्हा छेडली. गिटारमधून जणू कुणी परकंच ओरडत होतं. ती उठली, बसली, वायर काढून पुन्हा खोचली.

"अगं, शेजारी भांडायला येतील," वाल सोलत बसलेली आई म्हणाली.

"बाबांचेच ठिपके आहेत ना?"

"ते मांडवातले. घरी कधी वाजवायचे एवढ्या मोठ्याने? तू इथेच झोपलेली असायचीस."

शलाकाने आवाजाचं बटण मागे फिरवलं, जवळजवळ बंद होईपर्यंत, आणि तार हलकेच छेडली.

वाल सोलणारे हात थांबले.

"हं," आई म्हणाली. "आता आले घरी."