मंगळवारपासून कैलासवासी

आपण मेलोय हे मंगळवारी सकाळी लक्षात आलं, तेव्हा नागेश दात घासत होता.

गाड्यांच्या तळावरच्या सामायिक न्हाणीघरात शेजारच्या बेसिनवर राजाभाऊ दाढी करत होते. नागेश म्हणाला, आज गारठा आहे. राजाभाऊंनी आरशात त्याच्या आरपार पाहिलं आणि गालाला फेस लावत राहिले. त्यांच्या पत्नी शुभावहिनी भांडी विसळायला आल्या, त्याला पाहून थबकल्या, मान खाली घालून तशाच परत गेल्या. जाताना जाकिटाच्या बाहीने त्यांनी नाक पुसलं.

नागेशने आदला दिवस आठवून पाहिला. दुपारी दोनला तो ड्रिल घेऊन आपल्या राहत्या गाडीच्या टपावर चढला होता. सोलर पॅनेलचा एक स्क्रू हलत होता. बाकी सगळे जेवून झोपलेले. उतरताना शिडी सरकली. जाग आली तेव्हा तो गवतात होता, चष्म्याचे दोन तुकडे झाले होते आणि मोबाईलचे बरेच. अंगावर मात्र ओरखडासुद्धा नाही. तेव्हा त्याला ते नशीब वाटलं होतं.

लुडविग्सहाफेनच्या केमिकल कारखान्यात तीस वर्षं काढलेला माणूस पुराव्याशिवाय काही मानत नाही. तो गेटवर गेला. तिथला राखणदार होर्स्ट कुत्र्यांनाही गुटन मॉर्गन म्हणतो. नागेशने तीनदा गुटन मॉर्गन म्हटलं. होर्स्ट शीळ घालत निघून गेला. तिथल्या सूचनाफलकावर नवा कागद होता. चष्म्याशिवाय फक्त ठळक अक्षरं लागली: त्याचं पूर्ण नाव, आणि खाली दोन तारखांसारखं काहीतरी, मधे आडवी रेघ.

कुणाला हात लावून बघावं असंही एकदा मनात आलं. पण आरपार गेला तर, या भीतीने त्याने तो खिशातच ठेवला.

निवृत्त झाल्यावर घरं विकून या मंडळींनी राहत्या मोटारगाड्या घेतल्या होत्या. उन्हाळा बाल्टिकच्या किनाऱ्यावर, हिवाळा इथे ऱ्हाईनकाठी. दर रविवारी सभा भरायची. मराठी माणसं आणि जर्मन माणसं एकत्र आल्यावर सभा टळत नाही. नागेश मागे बसून डुलक्या घ्यायचा. आता संध्याकाळच्या शेकोटीभोवती त्याची खुर्ची नव्हती. कुणीतरी ती घडी घालून भिंतीला टेकवली होती. बायको अहिल्या लेकीच्या बाळंतपणाला हॅम्बर्गला गेलेली. तिला कळवलं का, आणि आपला देह कुठे नेला, हे विचारायची काही सोय नव्हती.

मेल्यावरही भूक लागते आणि गुडघा दुखतो, ही माहिती त्याला कुणी दिली नव्हती.

एकट्या चारुदत्तने त्याला विसरायचं नाकारलं होतं. दोघं एकाच वर्षी कारखान्यात लागले, एकाच वर्षी निवृत्त झाले. चारुदत्त रोज दुपारी गाडीबाहेरच्या टेबलावर दोन कप चहा ठेवायचा. एक उचलून मुकाट्याने आत जायचा. दुसरा तसाच राहायचा. आलं घातलेला, बिनसाखरेचा, नागेशला लागतो तसा. नागेश तो प्यायचा आणि त्याचे डोळे भरून यायचे.

बुधवारपासून तो मीनलला शोधू लागला.

मीनल चारुदत्तची बायको. तीन वर्षांपूर्वी, दोन हजार तेराच्या डिसेंबरात, गाडीतल्या हीटरचा धूर आत कोंडून ती झोपेतच गेली. इथे मेलेलं माणूस दुसरं कोण? ती भेटायला हवी होती. नागेश नदीकाठी बसून राहिला, तिच्या आवडत्या बाकावर, कपडे वाळत घालायच्या दोरीपाशी. धुकं यायचं, मालवाहू बोटी जायच्या. शुक्रवारी एकदा पाठीमागे पावलं वाजली. वळून पाहिलं तर कुणीच नव्हतं. रविवारपर्यंत त्याची खात्री पटली. ती इथेच होती. तिला त्याचं तोंड बघायचं नव्हतं.

का, हे फक्त त्याला माहीत होतं.

सोमवारी दुपारी तो चारुदत्तपुढे खुर्ची ओढून बसला. चारुदत्त पायरीवर मटार सोलत होता. त्याने नजर वर केली नाही.

"चारू, तुला ऐकू येत नाहीये, म्हणून सांगतो," नागेश म्हणाला. "त्या दिवशी तुमच्या टपावरच्या धुराड्याला टोपी मी घातली. उन्हाळ्यात घालतात ती. वारा त्यात शिट्ट्या मारत होता, मीनल म्हणाली डोकं ठणकतंय. हीटर बंद होता तेव्हा. नंतर तू लावलास आणि आपण दोघं गॅसची टाकी आणायला गेलो. टोपीचं माझ्या डोक्यातून साफ गेलं."

मटारची शेंग अर्धीच सोलून राहिली.

"परत आलो तेव्हा तू आत धावलास, मी टपावर. पोलिसांनी पाचोळा अडकला असेल असं लिहून घेतलं, तेव्हा टोपी माझ्या जाकिटात होती. तीन वर्षं तू मला विचारतोयस, 'नाग्या, मी धुराडं का नाही रे साफ केलं?' आणि मी तुझ्या पाठीवरून हात फिरवतो."

बोलून झालं. नागेशला एकदम हलकं वाटलं. आता आपण वर जाणार, असा अंदाज घेऊन त्याने खुर्चीचे हात घट्ट धरले.

चारुदत्तने मटारचं भांडं खाली ठेवलं. मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग तो तसाच बसून राहिला, काट्यावर नजर लावून, पुरी चार मिनिटं. पलीकडच्या चर्चमध्ये तीनचे टोले पडले, तेव्हा त्याने मान वर केली आणि सरळ नागेशच्या डोळ्यांत पाहिलं.

"दुपारच्या झोपेच्या वेळात ड्रिल चालवणाऱ्याशी आठवडाभर कुणी बोलायचं नाही, एवढंच सभेत ठरलं होतं, नाग्या," तो म्हणाला. "ऐकायचं नाही, असं नव्हतं ठरलं."