थोरल्याचा लंगोट

"नव्या बाळाला पहिल्यांदा जुनंच घालायचं असतं," असं म्हणत सासूबाईंनी थोरल्या नातवाचा लंगोट शर्वरीच्या बाळाला बांधला.

वापरून फेकायचे डायपर केव्हाच बंद झाले होते. हा जिवंत कापडाचा लंगोट बाळाची शू पिऊन स्वच्छ राहायचा आणि वर्षानुवर्षं टिकायचा.

दुपारी बाळ रडता रडता एकदम थांबलं, तेव्हा शर्वरीने पाळण्यात वाकून पाहिलं. बाळाचे ओठ सुकले होते, टाळू खोल गेली होती. लंगोट मात्र टम्म फुगला होता.

"आई, हा सुटत नाहीये!"

सासूबाईंनी धावत येऊन लंगोटाची गाठ ओढून पाहिली. "हा सुटेपर्यंत थोरला केवढा मोठा झाला होता गं! या लंगोटाला तेवढं प्यायची सवय लागलीय."

शर्वरीने कात्री लावली. लंगोट आक्रसला आणि बाळाला आणखी घट्ट बिलगला.