पेटी भरून दाखवा

“पेटी भरा,” राग्ना म्हणाली.

प्रेबेन हसला. दोन्ही यंत्रं तोच विकायला घेऊन आला होता आणि सकाळपासून दोन्हींचं गुणगान करून त्याचा घसा बसला होता. “अहो, दाखवायला चार ओंजळी बी पुरतं. यंत्र कसं चालतं तेवढंच बघायचं ना?”

“चार ओंजळी मी हातानंही फेकीन. पेरणार आम्ही भरल्या पेटीनं. भरा.”

शेतातलं बीट नुकतंच काढून झालं होतं. लोलांड बेटाची चिकण माती ओली होती, बुटाला सोडत नव्हती. समुद्रावर ढग दाटत होते. गहू आज पेरला गेला तर गेला, नाही तर राहिला.

यंत्रं दोन्ही एकाच जातीची. फिरत्या दात्यांचा कुळव, त्यावर बियाण्याची पेटी, मागे पेरणीचे फण. ढेकळं फोडणं आणि बी टाकणं एकाच फेरीत. एक तीन मीटर रुंद, दुसरं चार. राग्नाच्या धाकट्या भावाचं, होल्गरचं मन चारमध्ये अडकलं होतं. शेत दोघांचं होतं.

“तीन मीटर म्हणजे खेळणं आहे गं. तो एगॉन बघतोय. गावभर सांगेल.”

एगॉन शेजारचा. थर्मासमधली कॉफी पीत तो बांधावर उभा होता. त्याच्या अवजड यंत्राने तो गावाचं पेरून द्यायचा. आधी स्वतःचं, मग बाकी सगळ्यांचं, मग यांचं. गेल्या वर्षी यांचा नंबर लागेपर्यंत शेतात पाणी साचलं आणि गहू मातीतच कुजला. म्हणून यंदा होल्गरने बहिणीला तोंडावर सांगितलं होतं: आपल्या यंत्रानं आज पेरून दाखव, नाही तर सगळी जमीन एगॉनला खंडाने देऊन टाकू.

“सांगू दे,” राग्ना म्हणाली आणि तिने पोत्याची शिवण ओढली.

चार मीटरची पेटी काठोकाठ भरली. यंत्र मागे जोडून होल्गर त्यांच्या जुन्या ट्रॅक्टरवर चढला. त्याने लिफ्टचा दांडा ओढला. यंत्र कण्हत वर आलं, आणि त्याच्याबरोबर ट्रॅक्टरची पुढची चाकंही जमीन सोडून वर आली. होल्गर आभाळाकडे तोंड करून स्टिअरिंगला लटकला.

“होल्गर!” एगॉन बांधावरून ओरडला. “वर पोचलास की माझ्या आजीला नमस्कार सांग!”

प्रेबेनलाही हसू आवरेना. “पुढे लोखंडी वजनं लावली की बसेल खाली.”

“आणि मग ह्या चिखलात रुतला की तुम्ही ढकलणार?” राग्नाने विचारलं.

“मग ट्रॅक्टर मोठा घ्या. तोही आहे माझ्याकडे.”

“असणारच.”

तीन मीटरचं यंत्र जोडलं. त्याचीही पेटी काठोकाठ भरली. या वेळी राग्ना वर बसली. तिने दांडा ओढला. यंत्र उचललं गेलं, पुढची चाकं जमिनीवरच राहिली. तिने यंत्र खाली टेकवलं, हात स्टिअरिंगवर जोडले, आणि तिचे ओठ क्षणभर हलले.

होल्गर पायरीवर चढून तिच्या कानाशी वाकला. “तुझं खेळणं सगळं रान पेरून बाहेर आलं ना, तर अंगणात झेंडा चढवतो बघ. वाढदिवसाला चढवतो तसा.”

“दोरी शोधून ठेव,” ती म्हणाली.

दाते फिरू लागले. ढेकळं फुटत गेली. राग्नाने त्यांना मुद्दाम हळू फिरवलं होतं. माती रव्याइतकी हवी. पिठासारखी झाली की पावसानंतर तिची पापडी धरते आणि कोंब आत गुदमरतो. मधल्या खोलगटात, जिथे गेल्या वर्षी बदकं पोहत होती, तिथे मागची चाकं फिरली पण पुढे सरकेनात. होल्गर नकळत दोन पावलं पुढे धावला. राग्नाने यंत्र बोटभर उचललं. ट्रॅक्टर थरथरला, आणि निघाला.

मग ती थांबलीच नाही. जाऊन वळली, येऊन वळली. एगॉनची कॉफी केव्हाच संपली होती, तरी तो तिथेच होता. शेवटची फेरी मारून राग्ना बांधाशी आली तेव्हा तो खाली वाकून खिशातल्या चाकूने ओळ उकरत होता. दाणा बोटाच्या पेराइतका खोल. तो खोलगटात चालत गेला, तिथे उकरलं. तिथेही तेवढाच.

“प्रेबेन,” राग्नाने वरूनच सांगितलं, “मोठं घेऊन जा. हे इथंच राहील.”

एगॉन परत आला. चाकू पुसत राहिला, बराच वेळ.

“चर्चमागचा माझा तुकडा,” तो म्हणाला, “राहिलाय. माझं धूड तिथं बुडतं.”

“माहीत आहे.”

“मग... माझा नंबर कधी?”

राग्नाने ढगांकडे पाहिलं.

“नंबर कसला, एगॉन? पेटीत बी उरलंय. जा, फाटक उघड.”

तो वळला आणि तिथेच थबकला. सपाट रानापलीकडे, त्यांच्या अंगणातल्या खांबावर, लाल-पांढरा झेंडा धक्के खात वर चढत होता.

“आज कुणाचा वाढदिवस?” त्याने विचारलं.

राग्नाने ट्रॅक्टर सुरू केला.

“गव्हाचा,” ती म्हणाली.